सर्किटमधला बिघाड शोधायला तर्कशास्त्र : एक फुल ॲडर, पाच गेट

खटकेबाज (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ९:५०

दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक यादी असते. हे लक्षण दिसलं की तो भाग बघ, ते दिसलं की हा. सुरुवातीचे 'एक्स्पर्ट सिस्टिम' म्हणून गाजलेले प्रोग्रॅम याच यादीची नक्कल करायचे. पण यादी त्या एका बोर्डापुरती. बोर्ड बदलला की रद्दी. नव्या बोर्डाला तर यादीच नाही, कारण तो बिघडलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

१९८०च्या दशकात काही लोकांनी हा प्रश्न उलटा केला. काय काय बिघडू शकतं ते सांगायचंच नाही. चांगला भाग कसा वागतो आणि कोण कुणाला जोडलंय, एवढंच सांगायचं. बिघाड तर्काने निघायला हवा. एमआयटीत रँडल डेव्हिस आणि स्टॅनफर्डात मायकल जेनेसरेथ यांनी १९८४ मध्ये सुरुवात केली. १९८७ मध्ये 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' या नियतकालिकात दोन लेख आले, एक टोरांटोच्या रेमंड रायटरचा, दुसरा योहान द क्लिअर आणि ब्रायन विल्यम्स यांचा. या विषयाचा पाया तोच.

रायटरचंच उदाहरण घेतो. फुल ॲडर, म्हणजे तीन बिट्सची बेरीज करणारं सर्किट. इनपुट ए, बी आणि मागून आलेला कॅरी (हातचा) सी. गेट म्हणजे ० किंवा १ असे इनपुट घेऊन ० किंवा १ देणारा छोटा भाग : अँड दोन्ही इनपुट १ असले तरच १ देतो, ऑर एक जरी १ असला तरी, एक्सॉर दोन्ही वेगळे असले तरच. इथे गेट पाच :

एक्सॉर-१ ला ए आणि बी.
एक्सॉर-२ ला एक्सॉर-१चा आउटपुट आणि सी. यातून बेरीज निघते.
अँड-१ ला ए आणि बी.
अँड-२ ला एक्सॉर-१चा आउटपुट आणि सी.
ऑरला दोन्ही अँड. यातून कॅरी निघतो.

ए=१, बी=०, सी=१ दिलं. यायला हवं बेरीज ०, कॅरी १. आलंय बेरीज १, कॅरी ०. दोन्ही उलटं.

आता प्रत्येक गेटबद्दल एकच वाक्य लिहायचं : 'हा गेट ठणठणीत असेल, तर त्याचा आउटपुट त्याच्या इनपुटांचा अमुक.' पाच गेटची पाच वाक्यं, वर जोडण्या, वर मोजलेले आकडे. पाचही ठणठणीत मानले की विसंगती येते, ते उघडच आहे. खरा प्रश्न, कमीत कमी कोणाकोणाला ठणठणीत मानल्यावर विसंगती येते?

एक्सॉर-१ आणि एक्सॉर-२ चांगले असतील तर बेरीज ० यायलाच हवी. आली १. म्हणजे या दोघांत निदान एक खराब.

एक्सॉर-१, अँड-२ आणि ऑर चांगले असतील तर कॅरी १ यायलाच हवा (अँड-१ काहीही देवो, ऑरला एक १ पुरतो). आला ०. म्हणजे या तिघांत निदान एक खराब.

दोन्ही गटांतून निदान एकेक उचलायचा, उगाच जास्त नाही. उत्तरं तीनच निघतात : एकटा एक्सॉर-१, किंवा एक्सॉर-२ आणि अँड-२ दोन्ही, किंवा एक्सॉर-२ आणि ऑर दोन्ही. पाच गेट चांगले-वाईट धरून ३२ शक्यता होत्या, त्यातून हे तीन मूळ निष्कर्ष. एक्सॉर-१ कसा बिघडतो याबद्दल आपण एक अक्षर लिहिलं नव्हतं.

दुरुस्तीवाले, टेस्टिंगवाले, तर्कवाले, सगळ्यांनी तुटून पडावं.

---

जुना_सोल्डर | शुक्रवार, रात्री १०:३२

लेख छान. पण दुकानात बसून बघा जरा. तुमचे एक्सॉर-१ आणि एक्सॉर-२ वेगवेगळे विकत मिळत नाहीत हो. एका ७४८६ आयसीत (चिपमध्ये) चार एक्सॉर असतात, दोन्ही त्यातलेच. अँड दोन्ही एका ७४०८ मध्ये. ऑर ७४३२ मधला. तुमच्या तिन्ही उत्तरांत कुठला ना कुठला एक्सॉर आहेच. म्हणजे तिन्ही उत्तरांत ७४८६ आहेच. मी काही न लिहिता पहिला तोच काढला असता. बेसवर (सॉकेटमध्ये) असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम.

---

खटकेबाज | शुक्रवार, रात्री १०:५१

@जुना_सोल्डर, तुम्ही जे केलंत तेच तर्कशास्त्र आहे, फक्त एकक बदललं. 'गेट' ऐवजी 'आयसी' हा भाग धरा. पहिला गट (एक्सॉर-१, एक्सॉर-२) आक्रसून नुसता ७४८६ उरतो. एकट्याचा गट, म्हणजे तो दोषी ठरलाच. दुसऱ्या गटात ७४८६ आहेच, म्हणून तोही भागला. उत्तर एकच.

निदान कुठल्या पातळीवर करायचं हे 'बदलता काय येतं' यावर ठरवावं, हे मात्र तुमच्या म्हणण्यातून निघालं. वर लिहायला हवं होतं.

---

अर्थापत्ती | शुक्रवार, रात्री ११:२०

धागाविषयाशी थोडं अवांतर, पण आयडीची लाज राखायला लिहितो. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठच आहे. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात आणि एकमेकींशी पटत नाहीत. मग रात्री जेवत असणार असं मानावं लागतं. मानल्याशिवाय विसंगती मिटत नाही. मीमांसकांनी याला 'अर्थापत्ती' नावाचं स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचं साधन) मानलं. तुमचा रायटर तेच करतोय असं वाटतं : दिसतंय ते आणि ठाऊक आहे ते पटत नाही, तर कुणाला खराब मानलं की पटेल?

---

शंकेखोर | शुक्रवार, रात्री ११:४४

@अर्थापत्ती, नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नाही, ते याला अनुमानातच बसवतात. तो वाद इथे नको, पहाट होईल.

पण एक फरक आहे. देवदत्त रात्री जेवतो हे लठ्ठपणाचं कारण सांगतं. रायटरचं 'एक्सॉर-१ खराब' कारण काहीच सांगत नाही. खराब गेट काय करतो याबद्दल तो मुका आहे. 'एक्सॉर-१ला चांगला मानणं सोडलं की भांडण मिटतं', एवढंच. ही फार दुबळी गोष्ट आहे आणि त्याचे तोटे आहेत. उद्या सवडीने लिहितो.

---

ब्रेडबोर्ड_बाई | शनिवार, सकाळी ८:१५

अहो, माझा फुल ॲडर नेमका असाच वागतोय! डिप्लोमा दुसरं वर्ष. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भोकांत तारा खोचायचा बोर्ड) ७४एलएस८६, ७४एलएस०८, ७४एलएस३२, ५ व्होल्ट सप्लाय. १-०-१ ला बेरीज १, कॅरी ०, अगदी वर लिहिल्यासारखं. काकांनी म्हटलं तसं ७४८६ बदलून मैत्रिणीच्या बोर्डावरचा चालता आयसी लावला. तोच निकाल. आणि माझा ७४८६ तिच्या बोर्डावर नीट चालतो. आता तर्कशास्त्र काय म्हणतं?

---

जुना_सोल्डर | शनिवार, सकाळी ८:४०

ताई, आठही ओळींचं टेबल टाका. एका ओळीवरून मी काही बोलत नाही.

---

ब्रेडबोर्ड_बाई | शनिवार, सकाळी ९:०५

ए-बी-सी, मग मिळालेली बेरीज आणि कॅरी :

०-०-० : बेरीज १, कॅरी ० (चूक)
०-०-१ : बेरीज ०, कॅरी १ (चूक)
०-१-० : बेरीज १, कॅरी ० (बरोबर)
०-१-१ : बेरीज ०, कॅरी १ (बरोबर)
१-०-० : बेरीज ०, कॅरी ० (चूक)
१-०-१ : बेरीज १, कॅरी ० (चूक)
१-१-० : बेरीज ०, कॅरी १ (बरोबर)
१-१-१ : बेरीज १, कॅरी १ (बरोबर)

---

जुना_सोल्डर | शनिवार, सकाळी ९:१२

बी ० असला की चारही ओळी चूक. बी १ असला की चारही बरोबर. पहिल्या एक्सॉरला बी पोचतच नाहीये. त्याचा तो पाय वरच अडकलाय. एक्सॉरचा एक पाय १ ला बांधला की तो इन्व्हर्टर होतो, म्हणजे दुसऱ्या पायावरचं उलटं करून देतो, इथे तेच झालंय. ७४८६ची २ नंबरची पिन असेल बहुतेक, तुम्ही बी कुठे दिलाय त्यावर. मीटर लावा. ना धड ० ना धड १, मधलंच काही दिसलं तर जंपर (जोडणारी तार) हवेत आहे.

---

खटकेबाज | शनिवार, सकाळी ९:५८

वा! तुम्ही नजरेने केलंत ते तर्काने बांधून बघतो, कारण पहिल्या ओळीवर मी थांबलो तिथून तीन उत्तरं उरली होती.

०-०-० आणि १-१-० या दोन ओळी शेजारी ठेवा. एक्सॉर-१ चांगला असेल तर दोन्ही ओळींत त्याचा आउटपुट ०. सीसुद्धा दोन्हीत ०. म्हणजे एक्सॉर-२ ला दोन्ही वेळा अगदी तेच इनपुट. तरी पहिल्यात बेरीज १, दुसऱ्यात ०. बिघडलेला गेट काहीही करू शकतो, पण त्याच इनपुटाला एकदा हे आणि एकदा ते करत नसेल (म्हणजे बिघाड येता-जाता नसेल), तर ही सरळ विसंगती. म्हणून 'एक्सॉर-१ चांगला' हेच खोटं. एक्सॉर-२ची दोन्ही जोड-उत्तरं गळाली.

'बिघाड स्थिर आहे' हे गृहीत तर्कात बसवण्यावर १९९१ मध्ये रेमां, द क्लिअर, सारस्वत आणि शर्ली यांचा लेख आहे. गृहीतक एवढंसं, पण दोन ओळींची तुलना त्याच्यामुळेच करता येते. ते नसेल तर आठच काय, हजार ओळी दिल्या तरी प्रत्येक ओळ सुटी.

---

वेफरवाली | शनिवार, सकाळी ११:३०

बंगळुरूहून. आमचं पोट याच धंद्यावर आहे, म्हणून राहवत नाही.

@जुना_सोल्डर काकांना मीटर लावता येतो. चिपच्या आत आम्हाला लावता येत नाही. बाहेरच्या पिनांवर आकडे द्यायचे, बाहेरच्या पिनांवर वाचायचे, आत काय मोडलंय ते ओळखायचं. त्यासाठी आम्ही रायटरच्या उलट वाटेने जातो. बिघाडाचं एक साधं रूप ठरवून टाकतो : एखादी तार कायमची ० ला किंवा १ ला अडकली. एल्ड्रेडने हे १९५९ मध्ये मांडलं. खरे बिघाड इतके सरळ नसतात, तरी ही कल्पना अजून मेलेली नाही, कारण हे अडकलेपण पकडणाऱ्या चाचण्यांत इतरही बरंच सापडतं.

आता बाईंच्या टेबलावर चालवू. एक्सॉर-१ला तीन तारा, प्रत्येकीचे दोन प्रकार, म्हणजे सहा शक्यता. ०-०-० ला बेरीज १ आली, म्हणजे एक्सॉर-१ने १ दिला. सहांतल्या तीनच हे करू शकतात : ए १ ला अडकली, बी १ ला अडकली, किंवा आउटपुट १ ला अडकला. मग १-०-० बघा. तिथे बेरीज ०, म्हणजे एक्सॉर-१ने ० दिला. आउटपुट १ ला अडकला असता तर हे झालं नसतं. ए १ ला अडकली असती तरी नाही, कारण ए तिथे १च आहे. उरली बी. दोन ओळींत काम झालं, बाकी सहा ओळी करमणूक.

आणखी एक. बी तारेचे दोन फाटे आहेत, एक एक्सॉर-१ला, एक अँड-१ला. मूळ तारच गेली असती तर अँड-१ लाही १ दिसला असता आणि १-०-० ला कॅरी १ आला असता. आलाय ०. म्हणजे तार फाट्याच्या पुढे, एक्सॉरच्या बाजूला तुटली आहे. मीटर कुठे लावायचा ते घरबसल्या सांगितलं. चहा पाजा.

---

ब्रेडबोर्ड_बाई | शनिवार, दुपारी १:४०

पिन २ वर १.४ व्होल्ट!! त्याच बीच्या स्विचवर ० आणि ७४०८च्या पिनवरही ०. जंपर वरून घट्ट वाटत होता, पण त्या भोकातली पट्टीच सैल झाली आहे. शेजारच्या भोकात लावला, आठही ओळी बरोबर. काका, वेफरताई, खटकेबाज सर, तिघांना चहा.

पण एक प्रश्न. हवेतल्या पिनेला ० का नाही दिसत? आणि तर्काने 'एक्सॉर-१ खराब' सांगितलं, तो तर चांगला निघाला. मग तर्क चुकला का?

---

जुना_सोल्डर | शनिवार, दुपारी २:१०

पहिल्याचं मी सांगतो. टीटीएलच्या (तुमचे एलएस आयसी त्याच जातीचे) पिनेला ० करायचं तर तिच्यातून येणारा करंट कुणीतरी खाली ओढावा लागतो. ओढणारं कुणी नसेल तर आयसी तिला १ समजतो. ०.८च्या खाली असेल तर ० आणि २च्या वर असेल तर १, असा टीटीएलचा करार. १.४ म्हणजे दोन्हींत न बसणारं, हवेतल्या पिनेची खूणच. एलएसऐवजी ७४एचसी (सीमॉस जातीचा) असता तर हाल झाले असते. त्यात सुटी पिन कधी ० कधी १, हात जवळ नेला तरी बदलते. मग वरचं 'स्थिर बिघाड' वगैरे सगळं गुंडाळून ठेवावं लागलं असतं.

---

खटकेबाज | शनिवार, दुपारी ३:००

दुसऱ्याचं. तर्क चुकला नाही, त्याला दिलेली यादी अपुरी होती. भाग म्हणून मी पाच गेटच सांगितले. तारा भाग म्हणून सांगितल्याच नाहीत. तारांना वाव नसला की तारेचा दोष जवळच्या गेटच्या माथी जातो. 'ही तार चांगली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तेच व्होल्टेज' असं प्रत्येक तारेचं वाक्य घातलं असतं, तर पहिल्या गटात बी ते एक्सॉर-१ ही तारही आली असती. किंमत एवढीच की पाचाचे वीसेक भाग होतात आणि शक्यता ३२ वरून दहा लाखांवर जातात.

---

शंकेखोर | शनिवार, सायंकाळी ६:२५

काल म्हटलं होतं ते आता.

एक बॅटरी, तिला समांतर तीन दिवे. तिसरा पेटलाय, पहिला-दुसरा विझलेले. लहान मूलही सांगेल, पहिला-दुसरा उडाले. रायटरचं तर्कशास्त्र हे सांगतंच, पण तितक्याच गांभीर्याने दुसरंही सांगतं : 'बॅटरी मेलेली आहे आणि तिसरा दिवा बिघडलेला आहे.' कसा बिघडलेला? तर वीज नसताना पेटतो! खराब दिवा काय करतो हे सांगितलंच नव्हतं, मग तो काहीही करू शकतो, अगदी फुकट उजेडही देऊ शकतो. स्ट्रुस आणि ड्रेसलर यांनी १९८९ मध्ये हेच उदाहरण देऊन या पद्धतीची खोड काढली होती.

म्हणजे 'बिघाडांची यादी नको' ही फुशारकी टिकत नाही. काहीतरी यादी हवीच.

---

खटकेबाज | शनिवार, सायंकाळी ७:१०

उदाहरण मान्य, निष्कर्ष निम्मा मान्य. त्याच वर्षी द क्लिअर-विल्यम्स यांनीही बिघाडाचे प्रकार घालायला सुरुवात केली, पण शेवटी एक 'इतर काहीही' असा प्रकार ठेवला, अगदी कमी संभाव्यता देऊन. म्हणजे ओळखीचे बिघाड आधी बघायचे, अनोळखी बिघाडाला दार बंद नाही. शिवाय तिसरी वाट आहे. बिघाड कसे होतात ते सांगू नका, फक्त काय होऊच शकत नाही ते सांगा. 'वीज नसताना दिवा पेटत नाही', चांगला असो की खराब. या एका वाक्याने तुमचं भूत उतरतं. फ्रीडरिक, गॉटलोब आणि नेयडल यांचा १९९०चा लेख यावरच आहे. मला ही वाट जास्त आवडते, कारण अशक्य गोष्टी भौतिकशास्त्र सांगतं, त्यासाठी चाळीस वर्षं दुकान चालवावं लागत नाही.

---

जुना_सोल्डर | शनिवार, सायंकाळी ७:२२

चाळीस नाही, पण बरीच झाली. चालू द्या.

---

नवखा_नंदी | शनिवार, रात्री ९:०५

फक्त वाचतोय, वाचनखूण साठवली. बिनडोक प्रश्न : एक आउटपुट चूक आणि दुसरा बरोबर असेल तर बरोबरवाल्या बाजूचे सगळे भाग निर्दोष ना?

---

खटकेबाज | शनिवार, रात्री ९:५०

बिनडोक मुळीच नाही, या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण यावरच आहे. डेव्हिसपासून सगळे ते वापरतात.

तीन गुणक, दोन बेरीजक. गुणक-१ करतो ३×२, गुणक-२ करतो २×३, गुणक-३ करतो २×३. तिन्हींतून ६ यावेत. बेरीजक-१ पहिल्या दोघांची बेरीज करतो, बेरीजक-२ शेवटच्या दोघांची. दोन्हीकडे १२ यायला हवेत. आलेत १० आणि १२.

पहिला गट सोपा : गुणक-१, गुणक-२, बेरीजक-१ यांत निदान एक खराब. आता तुमचा प्रश्न. गुणक-२ दोन्हीकडे जातो आणि दुसरीकडे १२ बरोबर आहेत, म्हणून तो निर्दोष? समजा गुणक-१ आणि बेरीजक-१ चांगले आहेत. मग १० यायला गुणक-२ने ४ दिलेले असणार. बेरीजक-२ चांगला असेल तर १२ व्हायला गुणक-३ने ८ द्यावे लागतात. पण गुणक-३ चांगला असेल तर तो ६ देणार. विसंगती. म्हणजे दुसरा गट : गुणक-१, बेरीजक-१, बेरीजक-२, गुणक-३. बघा, हा गट बरोबर आलेल्या १२ मुळेच मिळाला.

उत्तरं चार : एकटा गुणक-१, एकटा बेरीजक-१, गुणक-२ आणि गुणक-३ जोडीने, गुणक-२ आणि बेरीजक-२ जोडीने. म्हणजे बरोबर उत्तराने गुणक-२ला एकट्याने दोषी होण्यापासून वाचवलं, पण पूर्ण सोडलं नाही. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात.

पुढे मीटर कुठे लावायचा हेही यातून निघतं. प्रत्येक भाग शंभरात एकदा बिघडतो असं धरा. जोडीचा बिघाड मग दहा हजारांत एकदाच्या घरात, म्हणून खरी चुरस गुणक-१ आणि बेरीजक-१ यांच्यात. त्या दोघांच्या मधली तार मोजा. ४ दिसले तर गुणक-१, ६ दिसले तर बहुधा बेरीजक-१. द क्लिअर-विल्यम्स यांचा प्रोग्रॅम हेच करायचा, पुढचं कुठलं माप घेतलं तर अनिश्चितता सरासरीने सगळ्यात कमी होईल ते काढायचा.

---

शंकेखोर | शनिवार, रात्री १०:३०

पाच भागांवर सगळंच सुंदर दिसतं. गट मिळाल्यावर प्रत्येकातून निदान एक उचलणारा लहानात लहान संच शोधणं हे संगणकशास्त्रज्ञ कार्पच्या १९७२च्या एकवीस अवघड प्रश्नांतलं एक आहे. शंभर भाग झाले की काय करता?

---

वेफरवाली | शनिवार, रात्री ११:१५

नेटलिस्टची (सर्किटमधल्या जोडण्यांच्या यादीची) वाक्यं करून सॅट सॉल्व्हरला (अशी वाक्यं सगळी एकदम खरी होऊ शकतात का ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) देतो आणि जेवायला जातो. :)

गंभीरपणे : सर्वांत वाईट प्रसंगात प्रश्न अवघड, पण खऱ्या सर्किटांना आकार असतो, सगळेच सगळ्यांना जोडलेले नसतात. 'एकच भाग खराब' पासून सुरू करायचं, नाही जमलं तर दोन, मग तीन. तीनच्या पुढे जायची वेळ क्वचित येते, आणि आली तर बहुधा चिपच्या आतला सप्लाय गेलेला असतो, तर्काचा संबंधच नाही. चाचण्या शोधण्यातही आमच्याकडे १९६६ला रॉथची डी-पद्धत आली, १९८१ला प्रभू गोयल यांची पोडेम. दोन्हींचा गाभा तर्काचाच, फक्त शोधायची शिस्त वेगळी.

---

अर्थापत्ती | रविवार, सकाळी १०:००

हे सगळं पेपरांत आणि चिपांत. जिथे दुरुस्तीला माणूस जाऊच शकत नाही अशा ठिकाणी कुणी वापरलंय का?

---

खटकेबाज | रविवार, सकाळी ११:२०

हो. नासाचं डीप स्पेस-१ हे यान ऑक्टोबर १९९८ मध्ये उडालं. मे १९९९ मध्ये त्यावर 'रिमोट एजंट' नावाचं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातला निदान करणारा भाग लिव्हिंगस्टोन, ब्रायन विल्यम्स (वरचेच) आणि पांडुरंग नायक यांचा. आत विधानांचं साधं तर्कशास्त्र, यानाच्या भागांचं मॉडेल आणि अशीच विसंगतीवरून शोधायची रीत. जमिनीवरून मुद्दाम खोटे बिघाड घातले : एक इलेक्ट्रॉनिक्सचा भाग बंद पडल्याचा, एक खोटी माहिती देणारा सेन्सर, एक 'बंद' अवस्थेत अडकलेला थ्रस्टर (यानाची दिशा सांभाळणारं छोटं इंजिन). पहिला परत चालू केला, सेन्सरकडे दुर्लक्ष केलं, थ्रस्टरशिवाय चालणारी पद्धत निवडली. मला यातला सेन्सरचा भाग भावतो. मोजमापही खोटं असू शकतं, म्हणजे सेन्सरसुद्धा यादीतला एक भागच.

---

जुना_सोल्डर | रविवार, दुपारी १२:०५

आता माझं शेवटचं. तुमच्या यादीत गेट आले, तारा आल्या, सेन्सर आले. पण नकाशात नसलेली तार? सोल्डरचा थेंब सांडून दोन शेजारच्या पिना चिकटल्या तर? सगळे भाग चांगले, सगळ्या तारा चांगल्या, सर्किट मात्र बिघडलेलं. निम्मे बोर्ड माझ्याकडे असेच येतात.

---

खटकेबाज | रविवार, दुपारी १:३०

डेव्हिसचा १९८४चा लेख नेमका यावर आहे. तो गृहीतकं थरांनी रचतो. आधी 'नकाशात आहेत तेवढ्याच जोडण्या' असं मानायचं. मग एकेका भागाला दोषी धरून बघायचं. कुणालाही दोषी धरलं तरी सगळी मापं जुळत नाहीत, म्हणजे संशयितांची यादी रिकामी होते. रिकामी यादी हाच इशारा, की नकाशावरचा विश्वास सोडा. सोडला की जोडण्या अगणित होतात, कुणीही कुणाला चिकटलेलं असू शकतं. मग तो आयसीची पिन-रचना वापरतो : चिकटायचं तर शेजारी असायला हवं. तर्काच्या नकाशात लांब असलेले दोन बिंदू आयसीवर शेजारी असू शकतात.

---

वेफरवाली | रविवार, दुपारी २:१५

आम्हीही तेच करतो. लेआउटमधून (चिपवर तारा प्रत्यक्ष कुठून जातात त्या आराखड्यातून) शेजारच्या तारांच्या जोड्या काढायच्या आणि तेवढ्याच तपासायच्या.

@ब्रेडबोर्ड_बाई, तुमच्या ७४८६वर पिन ३ आणि ४ चिकटल्या तर काहीच कळणार नाही, कारण ३चा आउटपुट तुम्ही ४ लाच दिला असेल. पण २ आणि ३ चिकटल्या तर मजा आहे. एक्सॉर-१चा आउटपुट त्याच्याच इनपुटला. ए=० असताना गेट जे असेल तेच धरून बसतो, म्हणजे साध्या ॲडरला स्मरणशक्ती येते. ए=१ असताना गेट स्वतःच्याच उलट व्हायला बघतो; तर्कात उत्तरच नाही, ना ० बसतो ना १. प्रत्यक्षात तो थरथरतो किंवा मधल्याच व्होल्टेजवर अडकतो.

---

ब्रेडबोर्ड_बाई | रविवार, दुपारी ३:००

करून बघू का?

---

जुना_सोल्डर | रविवार, दुपारी ३:०४

बघा, पण बी थेट स्विचला ठेवू नका, मध्ये १ किलोओहम टाका. नाहीतर स्विच एकीकडे ओढणार, आउटपुट दुसरीकडे, आणि आयसी तापेल. मीटर आधी डीसीवर, मग स्कोप (ऑसिलोस्कोप) असेल तर स्कोप. काय दिसलं ते इथे लिहा.

---

ब्रेडबोर्ड_बाई | रविवार, दुपारी ३:२०

सोमवारी लॅब आहे, स्कोप मिळेल. आयसी माझाच वापरते, मैत्रिणीचा परत केला.